रोटरच्या मॉडेलमध्ये बेअरिंग आणि सील कशी धरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाफ्ट आणि डिस्कचं मॉडेल बहुतेकांना जमतं. मापं ड्रॉइंगवर असतात, पोलादाची घनता पुस्तकात असते. गाडी अडते ती रोटर (यंत्राचा फिरणारा भाग) जिथे टेकतो तिथे, म्हणजे बेअरिंगमध्ये, आणि जिथे टेकत नाही पण केसाच्या अंतरावरून जातो तिथे, म्हणजे गळती रोखणाऱ्या सीलमध्ये. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेअरिंगच्या जागी सरळ पिन-सपोर्ट टाकला तर काय बिघडतं?

पहिल्या अंदाजासाठी काहीच बिघडत नाही. पिन-सपोर्टवरची (न हलणाऱ्या टेकूवरची) क्रिटिकल स्पीड, म्हणजे फिरण्याचा वेग रोटरच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळतो तो वेग, ही साधारणपणे वरची मर्यादा असते. खरं बेअरिंग लवचिक असतं, त्यामुळे खरा आकडा बहुधा खाली येतो. पण पिन-सपोर्टमध्ये डॅम्पिंग, म्हणजे कंपनाची ऊर्जा शोषून घेणं, शून्य असतं. म्हणजे क्रिटिकल स्पीडला रोटर किती हलेल आणि तो स्थिर राहील का, या दोन खऱ्या प्रश्नांवर ते मॉडेल गप्प बसतं. शाफ्टच्या पोलादात डॅम्पिंग नगण्य असतं. यंत्र शांत चालतं ते जवळजवळ सगळं बेअरिंग आणि सीलमधल्या द्रवाच्या जिवावर, आणि बिघडतं तेही अनेकदा त्याच द्रवामुळे.

२. "बेअरिंगचे आठ आकडे" म्हणजे कोणते? सीलला बारा का लागतात?

शाफ्ट आडवा-उभा अशा दोन दिशांना हलतो. प्रत्येक दिशेच्या हालचालीमुळे दोन्ही दिशांना बल येतं. म्हणून स्टिफनेसचे (ताठपणाचे) चार आकडे आणि डॅम्पिंगचे चार, असे आठ. त्यातले सरळ आकडे, म्हणजे आडव्या हालचालीला आडवंच बल, पटकन समजतात. तिरके आकडे, म्हणजे आडवं ढकललं तर उभं बल, हे घोळाचं मूळ. त्यांच्यासाठी प्रश्न ३ पाहा.

द्रवाच्या सीलमध्ये आणखी चार आकडे येतात, ते जडत्वाचे. हे किरकोळ नाहीत. १०० मिमी त्रिज्येचं, १०० मिमी लांबीचं आणि ०.२५ मिमी फटीचं पाण्याचं सील घ्या. फटीतलं पाणी जेमतेम १६ ग्रॅम भरतं. पण घर्षण सोडून केलेल्या आदर्श हिशोबाने शाफ्टला जाणवणारं वाढीव वस्तुमान सुमारे १०० किलो येतं. कारण साधं आहे: शाफ्ट जरा सरकला की त्या पाण्याला अरुंद फटीतून शाफ्टच्या कितीतरी पट वेगाने सटकावं लागतं, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पंपाच्या मॉडेलमध्ये हे चार आकडे रिकामे सोडलेले दिसले की मी पुढचं पान उलटतच नाही. वायूच्या लॅबिरिंथ सीलमध्ये (दातांच्या रांगेने गळती रोखणारं सील) मात्र ते खुशाल सोडा.

३. क्रॉस-कपल्ड स्टिफनेसला सगळे एवढे का घाबरतात?

कारण ते, म्हणजे प्रश्न २ मधले स्टिफनेसचे तिरके आकडे, नावाला स्टिफनेस आहे, वागणं उलट्या डॅम्पिंगचं आहे.

शाफ्ट केंद्रापासून सरकून गोल फिरतोय, म्हणजे व्हर्ल करतोय, असं समजा. सरळ स्टिफनेस त्याला केंद्राकडे ओढतो. डॅम्पिंग त्याला फिरण्याच्या उलट दिशेने मागे खेचतं. क्रॉस-कपल्ड स्टिफनेस त्याला फिरण्याच्याच दिशेने पुढे ढकलतो. दर फेरीला तो ऊर्जा आत टाकतो आणि डॅम्पिंग ती बाहेर काढतं. दोघांचा हिशोब एका ओळीत बसतो:

परिणामी डॅम्पिंग = सरळ डॅम्पिंग − (क्रॉस-कपल्ड स्टिफनेस ÷ व्हर्लची कोनीय वारंवारता)

आता आकडे घालू. डॅम्पिंग २०,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर, क्रॉस-कपल्ड स्टिफनेस ५० लाख न्यूटन प्रति मीटर. रोटरचा पहिला मोड (कंपनाचा सर्वात खालच्या वारंवारतेचा प्रकार) ७५ हर्ट्झला असेल तर कोनीय वारंवारता ४७१ रेडियन प्रति सेकंद, आणि वजा होणारा भाग सुमारे १०,६००. हाती उरतात ९,४००. रोटर स्थिर. तीच बेअरिंग आणि तीच सीलं एका लांब, सडपातळ रोटरला लावा, ज्याचा पहिला मोड ३५ हर्ट्झला आहे. आता वजा होणारा भाग सुमारे २२,७००. हाती उणे २,७००. रोटर अस्थिर, आणि सीलमध्ये काडीचाही बदल झालेला नाही.

म्हणून "हे सील चांगलं की वाईट" हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या रोटरमध्ये, हे आधी विचारावं लागतं.

४. ऑइल व्हर्ल आणि ऑइल व्हिप एकच ना?

मूळ एकच, लक्षणं दोन. साध्या गोल जर्नल बेअरिंगमध्ये (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो अशा बेअरिंगमध्ये) तेल शाफ्टच्या निम्म्याच्या आसपास सरासरी वेगाने फिरतं. त्यामुळे व्हर्लची वारंवारता फिरण्याच्या वेगाच्या निम्म्याहून थोडी कमी, बहुधा ०.४२ ते ०.४८ पट, दिसते. वेग वाढवला की ती सोबत वाढते. हा व्हर्ल. वाढता वाढता ती रोटरच्या पहिल्या नैसर्गिक वारंवारतेला भिडली की तिथेच अडकते. मग वेग कितीही वाढवा, ती हलत नाही आणि आयाम (कंपनाचा विस्तार) फुगत जातो. हा व्हिप. म्हणूनच साध्या बेअरिंगवरचा हलका रोटर पहिल्या क्रिटिकल स्पीडच्या दुपटीजवळ पोचला की सावध व्हावं. न्यूकर्क आणि टेलर यांनी तेलामुळे होणारा हा प्रकार १९२५ मध्ये मांडला. त्याआधी असल्या कंपनाचा दोष बॅलन्सिंगवर जायचा, आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी उपयोग व्हायचा नाही.

मॉडेलमध्ये व्हर्ल बघायचा तर अनबॅलन्स रिस्पॉन्स (असंतुलित वजनामुळे होणारं कंपन) काढून भागत नाही. तो हिशोब फक्त फिरण्याच्याच वारंवारतेचं कंपन दाखवतो. डॅम्प्ड आयगेनव्हॅल्यू (डॅम्पिंग धरून नैसर्गिक वारंवारता आणि त्यांची स्थिरता सांगणारे आकडे) काढाव्याच लागतात.

५. जर्नल बेअरिंगचे आकडे आणायचे कुठून? तक्ता, सॉफ्टवेअर की सीएफडी (संगणकावर केलेलं प्रवाहाचं गणित)?

बहुतेक कामाला रेनॉल्ड्स समीकरण (तेलाच्या थरातल्या दाबाचं) सोडवणारा, तापमानाचा हिशोब ठेवणारा बेअरिंग-प्रोग्राम पुरतो. तक्ते सॉमरफेल्ड अंकावर (भार, वेग, तेलाचा दाटपणा आणि फट एकत्र करणाऱ्या अंकावर) असतात. ते पडताळणीला उत्तम, अंतिम उत्तराला नाही. लांबी व्यासाच्या निम्म्याहून कमी असेल तर शॉर्ट-बेअरिंगचं सूत्र कागदावर सोडवता येतं. प्रोग्रामच्या उत्तराच्या शेजारी ते एकदा लिहून बघाच. पट वेगळी आली तर चूक बहुधा एककात किंवा व्यास-त्रिज्येच्या गफलतीत असते. सीएफडी मी तेलाच्या खाचा, कडेने येणारं थंड तेल, असल्या विशेष प्रश्नांसाठी राखून ठेवतो.

या समीकरणामागची हकीकत रंजक आहे. १८८३ मध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून वर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी तिथून बाहेर येऊ लागलं. बुच मारलं, तर तेही उडालं. तेलाच्या थरात केवढा दाब आहे हे असं कळलं, आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आजचा प्रत्येक बेअरिंग-प्रोग्राम तेच गणित सोडवतो.

६. क्लिअरन्स आणि तेलाचं तापमान कुठलं धरायचं? ड्रॉइंगवरचं मधलं चालेल?

नाही. हा एकच मुद्दा पाळला तरी निम्मे वाद मिटतील.

व्यासावरचा क्लिअरन्स (शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट) ०.१५ मिमी, कमी-जास्त ०.०२५, असं ड्रॉइंग म्हणतं. म्हणजे प्रत्यक्षात ०.१२५ ते ०.१७५ मधलं काहीही हातात येऊ शकतं. गुणोत्तर १.४. शाफ्ट केंद्राजवळ चालत असेल तर डॅम्पिंग क्लिअरन्सच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणजे २.७ पट फरक. दोन्ही बेअरिंग तपासणीत पास झालेली. भार जास्त असेल तर शाफ्टची जागाच सरकते आणि फरक एवढा राहत नाही, पण राहतोच.

तेलाचंही तसंच. आयएसओ व्हीजी ३२ तेलाची विस्कॉसिटी (दाटपणा) ४० अंश सेल्सिअसला ३२ सेंटिस्टोक असते, १०० अंशाला साधारण साडेपाच. टाकीतलं तेल ४५ अंशाचं असलं तरी फिल्ममध्ये, म्हणजे बेअरिंगमधल्या तेलाच्या थरात, ते कितीतरी गरम असतं, आणि हिशोब फिल्ममधल्या तेलाचा करायचा आहे.

माझी पद्धत: कमी क्लिअरन्स आणि थंड तेल हे एक टोक, जास्त क्लिअरन्स आणि गरम तेल हे दुसरं. दोन्ही पूर्ण चालवायची. पहिल्यात फिल्म ताठ येते, दुसऱ्यात मऊ. उत्तर एक रेघ नसून पट्टा असतो, आणि अहवालातही पट्टाच छापावा. "बेअरिंगचा स्टिफनेस किती?" असं कुणी विचारलं तर उलट विचारा: किती वेगाला, किती भाराला, किती तापमानाला?

७. टिल्टिंग-पॅड बेअरिंगला क्रॉस-कपलिंग नसतं, मग प्रश्नच मिटला ना?

बराचसा मिटतो. प्रत्येक पॅड (बेअरिंगच्या आतला सुटा तुकडा) आपापल्या पिव्हटवर, म्हणजे टेकूवर, झुलतो, त्यामुळे ढकलणारं बल जवळजवळ उरत नाही. म्हणूनच वेगवान कॉम्प्रेसर आणि टर्बाइनमध्ये ही बेअरिंग सर्रास असतात. पण तीन गोष्टी सुटतात.

एक, प्रीलोड, म्हणजे पॅड शाफ्टकडे किती आत सरकवून बसवले आहेत त्याचं माप. पॅडची वक्रता आणि असेंब्लीचा क्लिअरन्स यांच्या गुणोत्तरातून तो ठरतो, आणि मशिनिंगच्या टॉलरन्सने तो सहज ०.२ वरून ०.४ वर जातो. पट्टा काढताना तोही टोकांना न्या. दोन, पिव्हटचा स्वतःचा स्टिफनेस. गोल टेकू असेल तर तो फिल्मच्या तोडीस तोड मऊ असू शकतो. तो विसरलात तर डॅम्पिंग फुगलेलं दिसतं.

तिसरी गोष्ट वादाची. पॅडांच्या हालचाली गणितातून काढून टाकून आठ आकड्यांवर यायचं, तर ते आकडे कुठल्या वारंवारतेला काढले ते महत्त्वाचं ठरतं. अनबॅलन्ससाठी फिरण्याची वारंवारता बरोबरच आहे. स्थिरतेसाठी मात्र कंपन त्याहून खालच्या वारंवारतेला होतं. तिथे पॅडांसकट पूर्ण मॉडेल चालवणं तत्त्वतः जास्त बरोबर. मी दोन्ही चालवतो. उत्तरं जवळ आली तर वाद घालत बसत नाही. फार लांब आली तर कमी स्थिर दाखवणारं उत्तर पुढे नेतो.

८. बॉल बेअरिंगचा स्टिफनेस कॅटलॉगमधून घेतला तर चालेल का?

कॅटलॉगचा आकडा एका ठरावीक भाराचा किंवा प्रीलोडचा असतो. चेंडू आणि खाच यांच्या हर्ट्झ संपर्कात बल विस्थापनाच्या दीडाव्या घाताने वाढतं. म्हणजे स्टिफनेस भाराच्या घनमुळाप्रमाणे वाढतो: भार आठपट केला तर स्टिफनेस दुप्पट. रोलरमध्ये संबंध जवळजवळ सरळ रेषेचा आहे, तिथे एक आकडा बऱ्यापैकी चालतो. वेग खूप असेल तर चेंडू केंद्रोत्सारी बलाने बाहेरच्या रिंगवर दाबले जातात आणि दोन्ही रिंगांवरचे संपर्ककोन वेगवेगळे होतात. मग स्टिफनेस वेगावरही अवलंबून राहतो. अँग्युलर-कॉन्टॅक्ट जोडी असेल तर वाकण्याला होणारा विरोधही मॉडेलमध्ये घाला. पाठीला पाठ लावलेली जोडी आणि तोंडाला तोंड लावलेली जोडी यांत तो बराच वेगळा असतो.

डॅम्पिंगचा आकडा कुणीच देत नाही. स्टिफनेसला ०.२५ ते २.५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, असा ठोकताळा वापरात आहे. १० कोटी न्यूटन प्रति मीटरच्या बेअरिंगला तो २५० ते २,५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर देतो. तेलाच्या बेअरिंगपुढे हे चिल्लर आहे. बॉल बेअरिंगवर क्रिटिकल स्पीड ओलांडायची असेल तर डॅम्पिंग दुसरीकडून आणावं लागतं.

९. ते "दुसरीकडून" म्हणजे स्क्वीझ फिल्म डॅम्पर का?

विमानाच्या इंजिनांत बहुधा तोच. बॉल बेअरिंगची बाहेरची रिंग घराच्या आत तेलाच्या पातळ थरात तरंगते, पण फिरत नाही. फिरत नाही म्हणून ढकलणारं बल नाही. मॉडेलमध्ये त्याला निव्वळ डॅम्पिंग आणि शेजारी मध्यभागी धरणारी स्प्रिंग असं धरतात. आयाम थोडा असेल तोवरच हे खरं. रिंग क्लिअरन्सच्या चाळीसेक टक्क्यांपलीकडे सरकली की आकडे झपाट्याने वाढतात आणि रोटर एका उत्तरावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. तिथे प्रश्न १६ लागू.

१०. पाया आणि पेडेस्टल मॉडेलमध्ये घ्यायलाच हवेत का?

फिल्म आणि पेडेस्टल (बेअरिंगची बैठक) या एकामागे एक लावलेल्या स्प्रिंगा आहेत. दोघींचा स्टिफनेस सारखा असेल तर हाती निम्माच येतो. पेडेस्टल साडेतीन पट ताठ असेल तर ७८ टक्के येतो. नैसर्गिक वारंवारता वर्गमुळाने जाते, म्हणून फरक फार तर १२ टक्के. साडेतीन पटीच्या खाली आलात तर पेडेस्टल घ्यावंच, असा साधारण संकेत आहे.

स्टिफनेसपेक्षा डॅम्पिंगचा तोटा मोठा. पेडेस्टल मऊ असेल तर शाफ्ट आणि बेअरिंग जोडीने हलतात. फिल्म दाबलीच जात नाही, आणि जे दाबलं जात नाही ते डॅम्पिंग देत नाही. आणखी एक: प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्टचं अंतर मोजणारा सेन्सर) बेअरिंगच्या घराला लावलेला असतो, म्हणून तो शाफ्टची घरासापेक्ष हालचाल मोजतो. तुमचं मॉडेल निरपेक्ष हालचाल छापत असेल तर दोन आकडे जुळणार नाहीत, आणि दोघांपैकी कुणीही चुकीचा नसेल.

११. पंपाची क्रिटिकल स्पीड "कोरडी" आणि "ओली" अशी दोन का सांगतात?

वेअर रिंग आणि बॅलन्स पिस्टन (पंपाच्या आतली सीलं) यांच्या फटीत पाणी दाबाखाली वाहतं. शाफ्ट एका बाजूला सरकला की त्या बाजूची फट अरुंद होते. तिथला प्रवाह मंदावतो, तोंडाशी होणारा दाबाचा तोटा कमी होतो, आणि फटीतला दाब वाढतो. समोरच्या रुंद बाजूला नेमकं उलटं. दोन्ही मिळून शाफ्टला मध्यावर ढकलतात. हाच लोमाकिन परिणाम. थोडक्यात, प्रत्येक वेअर रिंग हे पाण्यावर चालणारं जास्तीचं बेअरिंग आहे. कोरडा आकडा ही बेअरिंगं सोडून काढलेला, ओला धरून.

गंमत पुढे आहे. हा स्टिफनेस दाबाच्या फरकाच्या प्रमाणात असतो, आणि पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे रोटर जसा वेग घेतो तशी त्याची नैसर्गिक वारंवारताही वर सरकते. एक डिस्क धरून साधा हिशोब करू. कोरडी क्रिटिकल १,८०० आरपीएम. नव्या रिंगांत सीलचा वाटा इतका की नैसर्गिक वारंवारतेच्या वर्गात वेगाच्या वर्गाच्या १.१ पट भर पडते. मग नैसर्गिक वारंवारता कायम वेगाच्या पुढेच पळते आणि क्रिटिकल गाठलीच जात नाही. रिंगा झिजल्या आणि १.१ चे ०.६ झाले, तर गाठ २,८४६ आरपीएमला पडते. पंप २,९५० ला चालतो. फरक चार टक्क्यांहून कमी.

म्हणूनच एपीआय ६१० (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं पंपांचं मानक) नवा क्लिअरन्स आणि दुप्पट क्लिअरन्स अशा दोन्ही स्थितींत विश्लेषण मागतं. दिलासा एवढाच की सीलचं डॅम्पिंगही मोठं असतं, त्यामुळे गाठ पडली म्हणून यंत्र हादरेलच असं नाही. आयाम काढून बघा. रिंगांवर खाचा असतील तर परिणाम बराच उतरतो, गुळगुळीत रिंगचे आकडे तिथे चिकटवू नका.

१२. वायूच्या लॅबिरिंथ सीलचा स्टिफनेस अगदी किरकोळ येतो. वगळू का?

सरळ स्टिफनेस वगळा, क्रॉस-कपल्ड वगळू नका. कॉम्प्रेसरच्या इंपेलरमागून (फिरत्या पात्यांच्या चाकामागून) वायू गिरक्या घेतच सीलमध्ये शिरतो. ती गिरकी दातांमधल्या पोकळ्यांत टिकते आणि शाफ्टला पुढे ढकलते. वायूची घनता जितकी जास्त तितकं हे बल मोठं. १९७० च्या दशकात कॅनडातल्या केबॉब आणि उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क इथल्या उच्च दाबाच्या गॅस कॉम्प्रेसरांनी हा धडा सगळ्या उद्योगाला शिकवला. रोटर फिरण्याच्या वेगाखालच्या वारंवारतेने इतका हादरायचा की पूर्ण दाबावर चालवणंच अशक्य झालं.

सील कुठे आहे हेही बघा. पाठीला पाठ लावलेल्या रचनेत दाबाचा मोठा फरक शाफ्टच्या मध्यावरच्या सीलवर पडतो, आणि पहिल्या मोडमध्ये शाफ्ट सर्वात जास्त हलतो तो मध्यावरच.

उपाय बहुतेक वेळा सीलच्या तोंडाशी असतो. गिरकी मोडणारी पाती, म्हणजे स्वर्ल ब्रेक, किंवा उलट दिशेने सोडलेला वायू. मॉडेलमध्ये त्यासाठी प्रवेशाची गिरकी हा वेगळा इनपुट हवा. तो माहीत नसेल तर शाफ्टच्या पृष्ठवेगाच्या ०.५ ते ०.७ पट धरून बघा. शून्य धरलेला अहवाल मी परत पाठवतो.

१३. मग लॅबिरिंथ काढून होल-पॅटर्न किंवा हनीकोंब सील लावलं की झालं?

भोकांच्या किंवा मधाच्या पोळ्यासारख्या पृष्ठभागाच्या या सीलांतून डॅम्पिंग भरपूर मिळतं, पण आकडे वारंवारतेनुसार खूप बदलतात. एका वारंवारतेचा तक्ता इथे धोकादायक आहे. एका ठरावीक वारंवारतेखाली परिणामी डॅम्पिंग उणे असतं, वर गेलं की अधिक. त्यातच फट बाहेर जाताना रुंदावत असेल तर सरळ स्टिफनेस उणे होऊ शकतो. तो रोटरची पहिली वारंवारता खाली ओढतो, नेमकी त्या उणे पट्ट्यात. दाबाने आणि उष्णतेने फट कशी बदलते हे आधी काढा. ती चालू स्थितीत किंचित निमुळती राहील अशी ठेवतात.

१४. मेकॅनिकल सील, ड्राय गॅस सील, लिप सील यांचं काय?

फिरणाऱ्या भागांचं वस्तुमान घाला, बाकी सोडा. अपवाद जुन्या तरंगत्या ऑइल-रिंग सीलचा. रिंग शाफ्टबरोबर हलायला हवी, पण दाबाने ती घराला चिकटून बसते. तशी अडकली की ती साध्या जर्नल बेअरिंगसारखी वागते, क्रॉस-कपलिंगसकट. ती अडकलेली धरूनच विश्लेषण करा.

१५. आकडे बरोबर घातले तरी उत्तर विचित्र येतं. चिन्ह कसं तपासू?

शाफ्ट पहिल्या अक्षाकडून दुसऱ्या अक्षाकडे फिरतोय, आणि बल म्हणजे उणे स्टिफनेस गुणिले विस्थापन, असं धरा. शाफ्ट पहिल्या अक्षावर पुढे सरकला तर ढकलणारं बल दुसऱ्या अक्षाच्या अधिक दिशेला हवं. म्हणजे दुसऱ्या ओळीतला तिरका आकडा उणे, पहिल्या ओळीतला अधिक. उलट दिसले तर तुमचं सील मॉडेलमध्ये पुढच्या व्हर्लला ब्रेक लावतंय.

मी हे स्वतः केलं आहे. सीलचा तक्ता एका पुरवठादाराकडून आला होता, यंत्राकडे कपलिंगच्या उलट टोकाकडून बघून काढलेला. माझं मॉडेल कपलिंगच्या टोकाकडून होतं. लॉग डिक्रिमेंट (कंपन किती लवकर विरतं ते सांगणारा आकडा, जास्त तितका रोटर स्थिर) इतका छान आला की मी खूश होऊन अहवाल पाठवला. तपासणाऱ्याने एकच ओळ लिहिली: "सील काढून टाकल्यावर स्थिरता कमी का होते?" तेव्हापासून मी तीच चाचणी आधी करतो. क्रॉस-कपल्ड आकडे दुप्पट करायचे. स्थिरता सुधारली तर चिन्ह उलटं आहे.

१६. लिनिअर मॉडेल (बल हालचालीच्या प्रमाणात वाढतं असं धरणारं) कुठे सोडून द्यावं?

ब्लेड तुटणं, घासणं, मोठा अनबॅलन्स, डॅम्परमधली उडी, इथे वेळेनुसार पायरी-पायरीने गणित करावं लागतं. पण सर्वात बोलका अपवाद टर्बोचार्जरचा. त्याची तरंगत्या रिंगची बेअरिंग लिनिअर हिशोबात बहुतेक वेगांना अस्थिर निघतात. तरीही टर्बोचार्जर चालतात, कारण आयाम वाढला की फिल्म ताठ होते आणि व्हर्ल एका मर्यादित कक्षेत थांबतो. तिथे "स्थिर आहे का" हा प्रश्नच चुकीचा. "कक्षा केवढी" हे विचारावं.

१७. उभ्या पंपाला किंवा गिअर असलेल्या यंत्राला वेगळं काही करावं लागतं का?

हो. आडव्या यंत्रात वजन शाफ्टला बेअरिंगच्या तळाशी बसवतं, आणि तो बसलेला असणं हीच साध्या बेअरिंगची स्थिरता. उभ्या पंपात ते वजन बेअरिंगवर येतच नाही. शाफ्ट केंद्रात तरंगतो, फिल्मचा सरळ स्टिफनेस जवळजवळ शून्य, क्रॉस-कपल्ड पुरेपूर. गुरुत्वाकर्षणाचा भार चुकून तसाच ठेवला तर मॉडेल खोटी स्थिरता दाखवतं.

गिअरच्या शाफ्टवर भाराची दिशाही बदलते. पूर्ण शक्तीला दातांचं बल वजनापेक्षा कितीतरी मोठं असतं, कमी शक्तीला ते वजनाला जवळपास खोडून काढू शकतं. म्हणून अर्ध्या आणि पाव भारालाही आकडे काढा. यंत्र पूर्ण भाराला गुपचूप चालतं आणि सुरू करताना ओरडतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

१८. लॉग डिक्रिमेंट किती असला म्हणजे निश्चिंत?

कॉम्प्रेसरसाठी एपीआय ६१७ ची रेघ ०.१ आहे, म्हणजे डॅम्पिंग गुणोत्तर जेमतेम १.६ टक्के. पहिल्या पातळीच्या तपासणीत सगळ्या अस्थिर करणाऱ्या बलांचा एक ढोबळ आकडा शाफ्टच्या मध्यावर टाकतात. त्यात नापास झालं, किंवा काठावर पास झालं, की दुसऱ्या पातळीत प्रत्येक सील स्वतंत्र धरून हिशोब होतो. प्रश्न ६ चा पट्टा इथेही चालवा. मधल्या क्लिअरन्सला ०.१५ आणि एका टोकाला ०.०४ येत असेल तर तुमचं उत्तर ०.०४ आहे.

१९. मोजलेली क्रिटिकल स्पीड मॉडेलशी जुळत नाही. आधी कशाला हात लावू?

बेअरिंगला नाही. आधी रोटर मऊ पट्ट्यांवर टांगा, हातोडीने ठोका आणि मोकळ्या वारंवारता मोजा. त्या एक-दोन टक्क्यांत जुळत नसतील तर दोष शाफ्टच्या मॉडेलमध्ये आहे. बहुधा श्रिंक-फिट केलेल्या डिस्कचा स्टिफनेस जास्त धरलेला असतो. त्या जुळल्या की पेडेस्टल, मग प्रत्यक्ष मोजलेला क्लिअरन्स, मग चाचणीच्या दिवशीचं तेलाचं तापमान. सीलला हात सर्वात शेवटी लावा, आणि तेव्हाही पंप त्या दिवशी पाण्याने भरलेला होता की कोरडा फिरवला, हे नोंदवहीत आधी बघा.